बाईसाहेबांची जागा

रविवार, १४ नोव्हेंबर २०२१. दुपारचे चार वाजून वीस मिनिटे झाली होती, आणि अमेरिकेच्या उत्तर टोकाला, डुलुथ गावाच्या चढावरील निएमींच्या घरात, नव्वद गॅलन खाऱ्या पाण्याच्या टाकीत, मासा एकच उरला होता.

सकाळपर्यंत दोन होते. दुसरा आता हेल्मीच्या तळहातावर, ओल्या कागदी रुमालात होता. नारिंगी अंग, तीन पांढरे पट्टे, आणि एवढ्याशा जिवाच्या मानाने अनपेक्षित वजन. क्लाउनफिशच्या जोडीतली ही मादी चौदा वर्षे या टाकीत होती. हेल्मीची आई तिला ‘बाईसाहेब’ म्हणे, कारण टाकीत शब्द तिचाच चाले. तिच्या निम्म्या आकाराचा नर तिच्या मागेमागे फिरे आणि ती जवळ आली की अंग थरथरवून शरण जाई. त्याला हेल्मीचे वडील ‘बिचारा’ म्हणत आणि वर जोडत, "त्याचं दुःख या घरात मलाच कळतं."

आई जाऊन अकरा दिवस झाले होते.

वडील स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आर्वो निएमी म्हणजे सहा फूट उंचीचा, रुंद खांद्यांचा, मोजके बोलणारा माणूस. बोटींच्या पोटात लोहखनिज कोसळते त्या धक्क्यावर एकतीस वर्षे विजेची कामे करून ते निवृत्त झाले होते, आणि त्या कोसळण्याने त्यांचे दोन्ही कान खाल्ले होते. त्यांच्याशी बोलायचे तर समोर जाऊन, आपले ओठ त्यांना दिसतील असे उभे राहून, आवाज चढवावा लागे.

"गेली, बाबा," हेल्मी मोठ्याने म्हणाली.

त्यांनी मान हलवली. फावडे घेऊन ते मागच्या अंगणात गेले आणि गोठत चाललेल्या मातीत, लायलॅकच्या झुडपाखाली, त्यांनी वीतभर खड्डा खणला. आईच्या दफनाच्या वेळी त्यांचे डोळे कोरडे होते. आता मात्र ते घरात परतले ते नाक पुसतच. हेल्मीने पाहून न पाहिल्यासारखे केले.

ती त्रेचाळीस वर्षांची होती, एकटी राहत होती, आणि शहरातल्या एका दवाखान्यात लोकांचे कान तपासण्याचे काम करत होती. जे मोजता येते त्यावर तिचा विश्वास होता. निएमींच्या घरातले पुरुष बायकोमागे फार काळ काढत नाहीत, हेही तिने मोजून पाहिले होते. आजी गेल्यावर आजोबांनी कसेबसे सात महिने काढले. थोरल्या काकांनी तेवढेही नाही. आजार म्हणावा असा दोघांनाही नव्हता. आईवाचून जगायची सवय हेल्मी करून घेणार होती, कारण ते टळणारे नव्हते. बाबांना मात्र तिला जाऊ द्यायचे नव्हते. या हिवाळ्यासाठी तिने स्वतःला एवढे एकच काम नेमून दिले होते.

संध्याकाळी व्हर्न टॉर्गरसन आले. ते शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, गावातल्या समुद्री टाकीवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आणि या छंदातले आईचे गुरू. समुद्र कुठल्याही बाजूने शेकडो मैल दूर, दारात गोड्या पाण्याचे अफाट सरोवर, आणि अशा गावात तीसएक माणसे बादलीत मीठ कालवून घराघरांत समुद्र सांभाळत होती. त्यांची एक रीत होती. आपल्याकडच्या चांगल्या प्रवाळाचा तुकडा मोडून दुसऱ्या सभासदाच्या टाकीत लावायचा. वीज गेली, हीटर बिघडला, आपले सारे मेले, तरी तेच प्रवाळ दुसऱ्या घरी जिवंत असते. तुकडा परत आणला की पुन्हा वाढते. लांब, लवलवत्या बोटांचे आईचे सोनेरी प्रवाळ असे चार घरांत डोलत होते.

"प्रवाळांचं आपण बघतो," व्हर्न म्हणाले. पाण्याचे नमुने नळ्यांत भरून, त्यात थेंब टाकून, रंग दिव्यासमोर धरून त्यांनी तपासले होते. "माशांची रीत मात्र त्यांची त्यांनी ठरवलेली असते. आता काही करायचं नाही. दुसरी मादी आणायची नाही. बाई गेली की मागे राहिलेला नर हळूहळू स्वतःच बाई होतो. आधी वागणं बदलतं, मग अंग. वाढतोही. एकदा झाला की मात्र परत फिरत नाही."

"स्वतःच?" हेल्मीने विचारले.

"स्वतःच. सोय आहे बघ. मी गेलो तर आमची जॉयस काही बदलायची नाही. पडदे तेवढे बदलेल."

वडील त्यांच्या ओठांकडे पाहत होते. त्यांनी विचारले, "आणि नर कुठं जातो?"

"कुठं जाणार? तिथंच असतो की."

"तिथं तर बाई असते, म्हणालास. मग नर कुठं जातो?"

व्हर्न हसले. नळ्या पुसून त्यांनी डब्यात ठेवल्या. सोनेरी प्रवाळाच्या बोटांत बिचारा पहुडला होता. दरवेळी तो कडेला पडायचा. आज मधोमध होता.

डिसेंबरात हेल्मीची भीती ओसरू लागली. वडील सकाळी उठत, दाढी करत, टाकीचे काम करत. आईच्या आजारपणात काचेवर चढलेले हिरवे शेवाळ त्यांनी खरवडून काढले. पंप उघडून व्हिनेगरमध्ये धुतला. काचेवर आईने पाण्याच्या पातळीची पेन्सिलीने रेघ ओढली होती; रोज पाणी उडून जाऊन पातळी रेघेखाली येई, आणि रोज सकाळी तेवढे पाणी भरावे लागे. एका रविवारी हेल्मीने मदत म्हणून मिठाच्या पाण्याची बादली उचलली. नव्या माणसाकडून हमखास होते ती चूक. वडिलांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"हे नको, चिमणे. गोडं घे. मीठ कुठं जात नाही. जातं ते पाणी."

हे आईचे वाक्य होते, शाळेत चौतीस वर्षे मुलांना शिकवलेल्या आवाजाच्या त्याच चढउतारासह. आणि ‘चिमणे’ ही हाक आईची होती. वडील तिला ‘पोरी’ म्हणत. ते ऐकून हेल्मीला सुखच वाटले. माणूस गेले की घरातले त्याचे शब्द उचलतात, असे तिने मनाशी म्हटले.

वडिलांनी बाही वर केली आणि उघडा हात कोपरापर्यंत टाकीत घातला. बाईसाहेब असताना त्यांची ही छाती होत नसे. ती आईखेरीज प्रत्येकाच्या हाताला डसे. बिचारा पुढे आला, बोटांच्या सांध्यांवरून फिरला आणि हातातच विसावला. त्या दिवशी घरात वेलदोड्याच्या पावाचा वास होता. वडिलांनी तो भाजला होता, तीन पेडांची वेणी घालून. वेणी घालायला ते कधी शिकले, हे विचारायचे हेल्मीच्या मनात आले होते. तिने दुसरा तुकडा घेतला, आणि विचारायचे राहून गेले.

जानेवारीत पारा उणे वीसखाली गेला. सरोवर किनाऱ्यापासून गोठत निघाले, आणि रात्रंदिवस बर्फ ताणल्याचे कण्हणे चढावरच्या घरांपर्यंत येऊ लागले. एका रविवारी वडील तिच्याकडे पाठ करून स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. हेल्मी दिवाणखान्यात टाकीपाशी होती.

"आज फार बोलतोय," वडील म्हणाले.

"कोण, बाबा?"

"टकटक करतो ना तो. दातांनी."

ते खरे होते. क्लाउनफिश जबडा आपटून बारीक टकटक करतात. जोडीतल्या मोठ्याने धाकट्याला दिलेली ती तंबी असते. आईला ती काचेतून ऐकू येई, आणि वडिलांना ऐकू येत नाही यावरून दोघांची चेष्टामस्करी चाले. कान गेलेल्या माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, हेही हेल्मीला ठाऊक होते. रोज दोनतीन रुग्ण तिला ते सांगत. तिने गुडघे टेकले आणि कान काचेला लावला. काच कोमट होती. पंपाची घरघर, पाण्याची झुळझुळ. मग, अगदी आत कुठेतरी, टक.

"आत्ता केलं," स्वयंपाकघरातून वडील म्हणाले.

ती थांबली. टक. टक.

"आणि दोनदा."

सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला नाही. सालीही पडत राहिल्या. घरी परतताना गाडीत बसल्यावर तिच्या ध्यानात आले की ती सकाळभर वडिलांशी साध्या आवाजात बोलत होती, आणि बरेचसे दुसऱ्या खोलीतून.

पुढच्या आठवड्यात हिमवादळ झाले. दवाखाना लवकर बंद करून ती घरी पोचली तेव्हा फोनवर निरोप नोंदवलेला होता.

"चिमणे, पोचलीस का गं? रस्ता घसरडा झालाय. पोचलीस की कळव, नाहीतर मला चैन पडायची नाही."

हेल्मी बूट न काढता पायरीवर बसली. आवाज ओळखणे हा तिचा धंदा होता. एकाने दुसऱ्याची नक्कल केली की कुठे पकडायचे, हे तिला सांगता आले असते. नक्कल शब्दांच्या शेवटी उघडी पडते, श्वासात उघडी पडते. तिने निरोप पुन्हा ऐकला. श्वास आईचा होता, शेवटच्या वर्षी चढावर चालताना लागे तसा किंचित अपुरा.

निरोप वडिलांच्या फोनवरून आला होता. वेळ त्या संध्याकाळची होती.

तिने तो पुसला नाही. खरे सांगायचे तर त्या रात्री तिने तो उशाशी ठेवून पुन्हा पुन्हा ऐकला, आणि ती रडली ती घाबरून नव्हे. जे मागायची तिची हिंमत झाली नव्हती ते कुणीतरी न मागता दारात आणून ठेवले होते. सकाळी तिने फोन केला आणि घरी सुखरूप पोचले म्हणून सांगितले. पलीकडून नुसते "हं" आले, कुणाचेही असू शकेल असे.

रविवारी ती वडिलांच्या घराच्या दारात थांबली आणि पहिल्यांदाच तिने सगळे नीट पाहिले. वडिलांचे लोकरी अस्तराचे बूट पायपुसण्यावर होते, पण त्यांच्याखाली बर्फ वितळल्याची ओल नव्हती. चामडे वाळून पांढरे पडले होते. शनिवारी बाबा ज्यावर मोठ्या आवाजात हॉकीचा सामना ऐकत तो रेडिओ भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. त्यांच्या खुर्चीवर आईची विणकामाची पिशवी होती. तळघरात, हत्यारांच्या फळीवर, प्रत्येक पक्कडीवर सारखी धूळ होती. काळ्या कॉफीचे त्यांचे जाड मग मागच्या रांगेत गेले होते. पुढे आईचा कप होता, आणि त्यात चमचा तसाच उभा.

नोव्हेंबरपासून ती या घरात आईची उणीव शोधत आली होती. ती उणीव कुठेच नव्हती. उणीव बाबांची होती.

वडील लाकडी चौरंगावर उभे राहून माशाला खाऊ घालत होते. तो चौरंग आईचा. आईचा हात टाकीच्या कडेपर्यंत पोचत नसे म्हणून बाबांनीच तिला तो करून दिला होता. सहा फूट उंचीच्या माणसाला त्याची गरज का पडावी, हा प्रश्न हेल्मीने मनात येऊ दिला, पण ते त्यावर उभे असतानाही त्यांचे डोके दिव्याच्या पट्टीइतकेच उंच का आहे, याकडे पाहायचे तिने टाळले.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

ते वळले. हसले. हसताना त्यांनी तोंडापुढे हात धरला, आई पुढचे दोन वाकडे दात झाकायची तसा. बाबांचे दात सरळ होते.

त्याच दुपारी ती व्हर्नच्या घरी गेली. बाबांबद्दल काय सांगायचे ते तिला ठरवता येईना, म्हणून तिने माशाबद्दल विचारले. व्हर्ननी आठवड्यापूर्वीच टाकी पाहिली होती. बिचारा चांगलाच भरलाय, ते म्हणाले. पण पुरता बाई झालाय की नाही हे बाहेरून कळत नाही.

"थांबवता येतं का?" तिने विचारले.

"कशाला थांबवायचं?"

"येतं का, व्हर्नकाका?"

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले. थट्टा त्यांच्या ओठांवर आली होती, ती त्यांनी गिळली. "पुरता झाला नसेल तर येतं. त्याच्यापेक्षा मोठी, थोराड मादी आत सोडायची. डोक्यावर बाई असली की नर नरच राहतो. ती समोर आल्यावर तो थरथरला, कडेला झाला, तर समजायचं, अजून वेळ आहे. पण पुरता झाला असेल तर टाकीत दोन बाया होतील. आणि एका प्रवाळात दोन बाया राहत नाहीत. मी असलं कुणाला करू देत नाही, हेल्मी. तुझ्या आईच्या, डोरीनच्या टाकीत तर नाहीच."

हेल्मीला आपण काय करतो आहोत ते कळत होते. कान तपासणारी बाई बापाला वाचवायला मासा विकत आणते आहे. ऐकणाऱ्याने तिला सुट्टी घ्यायला सांगितले असते. तरी शनिवारी अडीच तास गाडी चालवून ती मिनियापोलिसला गेली, तिथल्या दुकानातली सगळ्यात मोठी मादी तिने निवडली, आणि पाण्याची पिशवी लोकरी शालीत गुंडाळून, बर्फ ठेवायच्या पेटीत घालून, गाडीतला हीटर पूर्ण चालू ठेवून ती उत्तरेकडे परतली. वाटेत ती माशाशी बोलत होती. सावकाश ये, घाबरू नकोस, घर चांगले आहे. मग तिच्या लक्षात आले की आजोबांशी शेवटच्या आठवड्यात ती याच स्वरात बोलत असे.

वडील दारात आले तेव्हा तिने पेटी त्यांच्यापासून लपवली नाही.

"हे कुणासाठी?" त्यांनी विचारले.

"त्याच्यासाठी. एकटा आहे तो."

"एकटा कुठं आहे?"

तासभर थेंबथेंब टाकीचे पाणी पिशवीत सोडून तिने नव्या मादीला त्या पाण्याला सरावू दिले. मग भोके पाडलेली स्वच्छ प्लॅस्टिकची पेटी टाकीत टांगली, तिच्यात मादी सोडली आणि झाकणाच्या दोन्ही खिट्ट्या लावल्या. चार दिवस असे ठेवायचे असते. दोघांनी एकमेकांना पाहावे, पण स्पर्श होऊ नये.

बिचारा प्रवाळातून बाहेर आला. दिव्यासमोर तो किती मोठा झाला आहे हे तेव्हा दिसले. नारिंगी रंग विटकरी झाला होता. तो पेटीसमोर येऊन थांबला. हेल्मी त्या थरथरीची वाट पाहत होती. थरथर, तिने मनात म्हटले. कडेला हो.

मासा सरळ राहिला. काचेबाहेर, इतक्या अंतरावर, तिलासुद्धा ऐकू आले. टक.

तिच्या मागे वडील उभे होते. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो हात, कोटाच्या जाड कापडावरूनही, लहान होता.

"दमलीस," ते म्हणाले. "जेवून जा."

ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती आली तेव्हा नवी मादी पेटीच्या तळाशी आडवी पडली होती. झाकण लागलेले होते. दोन्ही खिट्ट्या जशाच्या तशा होत्या. भोके इतकी बारीक की त्यांतून आगपेटीची काडीही जेमतेम गेली असती. आणि मादीचे पर मुळापासून कुरतडलेले होते, शेपटीचा नुसता काटा उरला होता.

बिचारा सोनेरी प्रवाळाच्या मधोमध होता. बोटे त्याच्या दोन्ही अंगांनी हळूहळू डोलत होती.

वडील टेबलाशी बसून वर्तमानपत्रातली निधनवार्तांची बाजू वाचत होते. बाबा ते पान न उघडता चुलीत टाकत.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ते वर न पाहता म्हणाले. "तुझा हेतू चांगला होता. पण जागा एकीचीच असते, चिमणे."

हेल्मीने त्यांच्यासमोर बसून त्यांचा चेहरा पाहिला. भुवया बाबांच्या होत्या. हनुवटीवरचा, केबल तुटून लागलेला जुना व्रण होता. तिने त्या व्रणाकडेच पाहत विचारले, "बाबा कुठं आहेत?"

त्यांनी पान खाली केले. त्या डोळ्यांत खूप मोठी दया होती, मूल शाळेतून रडत आल्यावर असते तशी. फक्त उठून त्यांनी तिच्या हातात पावाचा तुकडा दिला, लोणी लावून, कडा कापून. लहानपणी तिला कडा आवडत नसत. बाबांना ते कधीच माहीत नव्हते.

मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, ती त्यांना दवाखान्यात घेऊन आली. आता तिच्याकडे एकच गोष्ट उरली होती. आवाज बदलतो, चाल बदलते, दुःखात माणूस वाकतो, झिजतो, दुसऱ्याच्या सवयी अंगावर चढवतो. या सगळ्याला नाव देता येते. पण खनिजाच्या धडधडाटाने कानाच्या आतल्या ज्या पेशी मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत. कुणाच्याही उगवलेल्या नाहीत. बाबांच्या डाव्या कानाला चार हजार हर्ट्झचा सूर पासष्ट डेसिबलच्या खाली ऐकू येत नसे. वर्षानुवर्षे तिने स्वतः तपासले होते, आणि आकडा वाढत गेला होता, उतरला कधीच नव्हता. तो आकडा म्हणजे बाबा होते. कुणी काही म्हटले तरी ते तिथे असणार होते.

आवाजबंद खोलीचे जाड दार तिने लावले. खिडकीच्या काचेपलीकडे छोटा दिवा होता. त्याखाली ते बसले होते, कोटाची सगळी बटणे लावून, घोटे एकमेकांवर ठेवून, हात मांडीवर. सूर ऐकू आला की हातातले बटण दाबायचे, म्हणजे हेल्मीच्या बाजूला हिरवा ठिपका उजळतो.

तिने पंचाहत्तरवर सुरुवात केली. दरवर्षी तिथूनच करावी लागे.

ठिपका उजळला. काचेपलीकडे कपाळाला आठी पडली, फार मोठ्या आवाजाने पडते तशी.

पासष्ट. उजळला.

पन्नास. उजळला.

तिने हात थांबवला. वायर तपासली. आत जाऊन हेडफोन बदलला, डावा उजवा पुन्हा पाहून घेतला, त्यांच्या कानामागचे पांढरे केस सारखे केले. ते केस मऊ होते. ती बाहेर आली आणि पहिल्यापासून सुरू केले, या वेळी सुरांमधले अंतर अंदाज बांधता येणार नाही असे वेडेवाकडे ठेवून.

चाळीस. उजळला.

तीस. उजळला.

वीस.

उजळला.

दहा. ठिपका अंधारात राहिला. पंधरा. उजळला. पुन्हा पंधरा, पुन्हा उजळला. तिसऱ्यांदाही.

हेल्मीने मायक्रोफोन जवळ ओढला. ओठ दिसू नयेत म्हणून तळहात आड धरला, आणि ती कुजबुजली, "बाबा."

काचेपलीकडचा चेहरा वर झाला. ऐकू आले होते. पण उत्तर देण्यासारखे काही त्या चेहऱ्यावर आले नाही. भरल्या खोलीत दुसऱ्या कुणाला हाक आली की आपण बोलायचे थांबतो, आणि ज्याला हाक आहे त्याने ओ द्यावी म्हणून वाट पाहतो. तो चेहरा तसा थांबला होता, सौम्यपणे, डोके किंचित कलते करून.

ओ आली नाही.

‘आई’ ही दुसरी हाक हेल्मीच्या ओठांशी होती. तिने ती मारली असती तर काय झाले असते हे तिला पक्के ठाऊक होते, आणि म्हणूनच ती मारली नाही. तिने मायक्रोफोनचे बटण सोडले. बाबांसाठी कुणी चर्चमध्ये घंटा वाजवली नव्हती. शेजारणींनी झाकलेली भांडी आणून ठेवली नव्हती. लायलॅकखाली कुणी खणले नव्हते. ते कुठल्या आठवड्यात गेले, हेही तिला सांगता आले नसते. त्या वेळी ती त्यांच्याच टेबलाशी बसून पाव खात असेल.

काचेपलीकडे हात हलला. तोंडापुढे धरलेल्या हातामागून कुणीतरी तिच्याकडे पाहून हसत होते, धीर द्यावा तसे.

सुट्टी संपायला काही मिनिटे होती. हेल्मीने पेन उचलले, आणि शिकवले होते त्याप्रमाणे, दिसले तेवढेच लिहिले.

डावा कान, चार हजार हर्ट्झ : पंधरा डेसिबल.